लेडीजच्या दारावरची चंद्रभागाबाई

सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायला मुंबईत मोठमोठी माणसं बसतात म्हणे. आमच्या भंडाऱ्यात हे काम एक बाई करत होती. तिला सही येत नव्हती, अंगठा उमटवायची. तेवीस वर्षं तिनं निकाल दिले आणि एकदाच चुकली. त्या एका चुकीवरून आज गावातली चार रिकामटेकडी माणसं तिला येडी म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून म्हटलं, होतं तसं सांगून टाकावं.

मी तुलाराम. टॉकीजात बुकिंगच्या खिडकीवर बसायचो. टॉकीजचं नाव सांगत नाही. मालक गावातच आहेत आणि या वयात मला कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. त्यांना आम्ही भैयाजी म्हणायचो, इथंही तेवढंच म्हणतो.

चंद्रभागाबाई मूळची अड्याळची. नवरा टॉकीजातच गेटकीपर होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि एकसष्ट साली भैयाजींनी तिला लेडीजच्या दारावर बसवलं. लेडीज म्हणजे बायांचा वेगळा क्लास. पडद्यासमोर उजव्या अंगाला छातीएवढी भिंत घालून काढलेला भाग, आत लाकडी बाकडी, आणि मागच्या गल्लीत उघडणारं एकच दार. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, दात तंबाखूचा गुडाखू लावून काळे पडलेले, कमरेला टॉर्च खोचलेला. बहात्तर साली एक दारुडा लेडीजमध्ये घुसला होता. बाईनं त्याला त्याच टॉर्चनं बडवत गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. त्यानंतर तिनं भैयाजींच्या मागं लागून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. ती दाराशी बसलेली असली की दार नुसतं लोटलेलं असायचं. उठून कुठं गेली की कडी लावून जायची. मायलेकींना आत सुरक्षित वाटायचं.

आता निकालाचं सांगतो. नवा सिनेमा शुक्रवारी लागायचा आणि शुक्रवारी लेडीज रिकामं असायचं. कारण शुक्रवारी चंद्रभागाबाई पाहायची. दाराच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत, पापणी न लववता. शनिवारी बाया यायच्या. गावातल्या, आणि अड्याळच्या एसटीनं आलेल्या, शिदोरी बांधून. तिकिटाच्या आधी दाराशी जाऊन विचारायच्या, "काय वो बाई, पाह्यासारखा हाय का?"

बाईचे निकाल तीनच. "लेकरं घेऊन ये" म्हणजे उत्तम. "एकटी ये" म्हणजे चालेल, पण पोरीबाळींना घरी ठेव. आणि तिसरा, "भाजी निवड." म्हणजे इथं पाय ठेवू नको, घरी बसून भाजी निवडलेली बरी. हा तिसरा निकाल गावात म्हणच झाला होता. कुणाचं स्थळ वाईट निघालं तरी बाया एकमेकींना म्हणायच्या, "भाजी निवड वो." एकदा एका साहेबांच्या मिसेस बाईचं न ऐकता नाक वर करून आत गेल्या. इंटरवलला तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि पुढच्या आठवड्यात रांगेत सगळ्यांच्या आधी विचारायला हजर. आम्ही खिडकीत हसून हसून बेजार झालो होतो.

सत्तरच्या दशकात "भाजी निवड" वर्षातून दोन-तीनदा ऐकू यायचं. सिनेमात गोष्ट असायची. माय असायची, गरिबी असायची, गाणी असायची. बाया रडून मोकळ्या व्हायच्या आणि हलक्या होऊन घरी जायच्या. खोटं असेल सगळं, पण त्या खोट्यात त्यांना बसायला जागा होती. मग काय झालं देव जाणे. ऐंशी साल उलटलं आणि सिनेमे नासले. गोष्ट गेली, नुसता धिंगाणा राहिला. तीन तास ठोसे. आणि हिरोला एक बहीण असायचीच. तिला त्या गोष्टीत एकच काम. पडद्यावर तिची अब्रू लुटायची आणि मग हिरोनं चवताळून उठायचं. आमचा ऑपरेटर चिंधू, दुसऱ्या रिळात बहिणीनं राखी बांधली की वरच्या खोलीतूनच म्हणायचा, "गेली बिचारी." आम्ही त्यावरही हसायचो. आज लाज वाटते, पण हसायचो.

बाई हसत नव्हती. एका शुक्रवारी खेळ सुटल्यावर माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "तुलारामभाऊ, हे लोकं पोरीचे हाल दाखवून राहिले का विकून राहिले?" मी म्हटलं, पब्लिकला तेच लागते बाई. ती म्हणाली, "पब्लिक म्हनजे कोन? आमी नाई का पब्लिक?" दर दोन आठवड्यांनी "भाजी निवड" होऊ लागलं आणि लेडीजची बाकडी रिकामी पडू लागली. भैयाजी कुरकुरायचे. पण पुरुषांचा क्लास भरत होता, म्हणून बाईला सहन करत होते.

चौऱ्याऐंशी साली टॉकीजला पंचवीस वर्षं झाली. पोळा होऊन गेला होता. त्याच सुमारास एका सिनेमाला मुंबईच्या मोठ्या समारंभात सहा बक्षिसं मिळाल्याचं पेपरात आलं. फोटोसकट. नट, नट्या, हातात बक्षिसाच्या काळ्या बाहुल्या, सगळ्यांचे दात दिसत होते. तोच सिनेमा अमरावतीचे वितरक आमच्याकडे लावणार होते, आणि त्याच शुक्रवारी पंचविशीची ढाल द्यायला स्वतः येणार होते. भैयाजींच्या अंगात वारं शिरलं. अंगणात मांडव, लाउडस्पीकर, हार. सगळ्या नोकरांचा सत्कार ठरला. त्यांनी बाईला बोलावलं.

"चंद्रभागाबाई, शुक्रवारी लेडीज फुल पाहिजे. पाहुण्याईले का रिकामे बाकडे दाखवू?"

"पन मी अजून पाह्यला नाई नं, भैयाजी. न पाहता कशी सांगू?"

"सहा बक्षिसं हायेत त्याले! मुंबईवाल्याईपेक्षा तुले जास्त समजते का?"

बाई तिथून सरळ माझ्याकडे आली. "पेपरात काय आलं, वाचून दाखवा बरं." मी वाचून दाखवलं. "स्त्रीच्या दुःखाला वाचा फोडणारा धाडसी चित्रपट." तिनं विचारलं, "धाडसी म्हनजे?" मी म्हटलं, "म्हणजे हिमतीचा. चांगलाच असेल. बक्षीस काय कोणी फुकट देते?" पेपरवाल्यांचं 'धाडसी' म्हणजे काय असतं हे मला कळायला हवं होतं. आयुष्य टॉकीजात गेलं होतं माझं. पण सहा बक्षिसं ऐकून मीही भारावलो होतो, खोटं कशाला बोलू. बाईनं फोटोवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग मी रंभाबाईच्या धुरपताले घेऊन येतो."

रंभाबाई बाईची शेजारीण. भांड्यांच्या दुकानात पितळी गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, चिंचेनं घासून उजळवायचं काम करायची. धुरपता तिची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. आदल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत ती मामाकडे एकोडीला गेली होती. धान रोवून परत येताना बांधावर एका माणसानं तिला गाठलं. पुढचं मी सांगणार नाही. गावानं ते इतक्या वेळा सांगितलं की त्या पोरीची रोज नव्यानं अब्रू गेली. तक्रार झाली नाही. ज्यानं केलं तो उजळ माथ्यानं बाजारात हिंडत होता आणि ठरलेली सोयरीक मोडली ती धुरपताची. वा रे न्याय! चौदा महिने ती पोरगी घराच्या उंबऱ्याबाहेर आली नव्हती. आंघोळीचं पाणीसुद्धा माय आत नेऊन द्यायची.

चंद्रभागाबाई तिच्यापाशी रोज जाऊन बसायची. तिला एकच ध्यास होता, या पोरीला एकदा घराबाहेर काढायचं. एकदा निघाली की दुसऱ्यांदा निघेल. लहानपणी धुरपताला सिनेमाचं वेड होतं, बाईच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसून पाहायची. त्या गुरुवारी बाईनं तिला सांगितलं, "चाल, उद्या सिनेमाले चाल. बाईच्या दुःखावरचा हाय. मोठी बक्षिसं भेटली त्याले. अंधारात बसजो, कोनी तुले पाहनार नाई."

रंभाबाईनं विचारलं, "तुमी पाह्यला का, बाई?"

बाई म्हणाली, "लेकरं घेऊन ये."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं न पाहता निकाल दिला. तो कानोकानी पसरला आणि शुक्रवारी तीनच्या खेळाला लेडीज गच्च भरलं. धुरपता डोक्यावरून पदर ओढून, मायचा हात धरून आली. मी खिडकीतून पाहिलं. पाय असे टाकत होती की जणू जमीन निसरडी आहे. बाईनं तिला दाराजवळच्या बाकड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी स्टूल टाकलं.

इंटरवलपर्यंत सिनेमा चांगला होता. ते मेले तसेच करतात, आधी जीव लावायला लावतात. इंटरवलला बाई माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका फुललेला होता. "हासली वो भाऊ, धुरपता हासली! फुटाने खाल्ले तिनं. मले म्हने, मावशी, पुढच्या शनवारी बी येऊ." आणि ती लगबगीनं परत गेली.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि इकडं मांडवात समारंभ सुरू झाला. ढाल दिली, भाषणं झाली. वितरक म्हणाले, असा सिनेमा तुमच्या गावात लागणं हाच मोठा सन्मान आहे. मग नोकरांची नावं पुकारली. चिंधू रिळं सोडून येऊ शकत नव्हता, त्याचा नारळ वर पाठवला. बाईला बोलवायला माणूस गेला. ती म्हणाली असणार, नंतर येतो. तो म्हणाला, भैयाजी आत्ता बोलावून राहिले. तिनं नेहमीसारखी दाराला कडी लावली आणि आली.

बाई मंचावर चढली. तिला माइकसमोर उभं केलं. आयुष्यात कोणी तिचं नाव लाउडस्पीकरवरून घेतलं नव्हतं. भैयाजी सांगत होते की चंद्रभागाबाई म्हणजे आमच्या टॉकीजची शान. फोटोवाला म्हणत होता, इकडं पाहा बाई, पदर सारखा करा. आणि तेवढ्यात टॉकीजातून शिट्या आल्या.

शिट्यांचे प्रकार आम्हा टॉकीजवाल्यांना कळतात. हिरो आला तर एक, गाणं लागलं तर दुसरी. ही तिसरी होती. लांब, ओढलेली, शंभर तोंडांतून. मध्येच चिल्लर पडद्यावर फेकल्याचा आवाज, आणि कोणीतरी मोठ्यानं "वन्समोर!" म्हणून ओरडला. मी ओळखलं आत काय चाललंय. बाईनंही ओळखलं. ती मंचावर गर्रकन वळली. भैयाजींनी हसत हसत तिचा दंड धरला, "अवो, थांबा नं बाई, साडी तं घ्या." फोटो नीट आला नव्हता म्हणून दुसरा काढला. मी खाली टाळ्या वाजवत उभा होतो. गल्ली माझ्यापासून वीस पावलांवर होती. मला जाता आलं असतं. मी गेलो नाही.

आत काय झालं ते नंतर बायांनी सांगितलं. धुरपता आधी नुसती उभी राहिली. मग दाराकडे गेली, दार ढकललं, ते उघडेना. रंभाबाई दार बडवू लागली, "बाई, उघडा वो! उघडा वो बाई!" चार-पाच बायांनी मिळून बडवलं. मांडवात लाउडस्पीकर चालू होता, कोणाला ऐकू जाणार? भिंतीपलीकडून जायचं तर तिथं ते शिट्या मारणारे. धुरपतानं बडवणं सोडून दिलं. दाराला कपाळ टेकवून, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. पण कानांना पाठ करता येत नाही. आठ मिनिटांचा सीन होता तो. चिंधूनं रीळ पाहून मला नंतर सांगितलं, आठ मिनिटं. त्याच सीनसाठी सहातलं एक बक्षीस होतं.

बाई साडी-नारळ मंचावरच टाकून धावली. कडी काढली. धुरपता बाहेर आली, आणि तिनं बाईकडे पाहिलंही नाही. माय मागं, ती पुढं, भर उन्हात, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, अशी ती घरी गेली.

त्या संध्याकाळी सिनेमा पुन्हा लागला तेव्हा बाईनं तो अख्खा पाहिला. शनिवारी दाराशी रांग लागली. बाया विचारायच्या आधीच ती म्हणत होती, "भाजी निवड. घरी जा. भाजी निवड." रविवारी तेच. सोमवारी भैयाजी तावातावानं आले.

"सहा बक्षिसं भेटली त्या सिनेमाले, आन तू बायाईले हाकलून राहिली?"

"मंग उद्याच्या खेळाले तुमच्या घरच्या बायाईले आना, भैयाजी. लेकीले बी आना. मी त्याईच्या बाजूले बसून राहीन."

भैयाजी पाय आपटत निघून गेले. महिना संपला आणि बाईचं काम गेलं. मला वाटलं होतं टॉकीजला झळ बसेल. कसली झळ! लेडीजची भिंत पाडली, बाकडी पुरुषांना दिली, आणि तो सिनेमा आठवडे न् आठवडे चालला. त्याच्यासारखे आणखी आले. मी तिकिटं फाडत राहिलो. घर चालवायचं होतं, असं म्हणतो मी स्वतःला.

बाई राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायला जाऊ लागली. पण रोज संध्याकाळी रंभाबाईच्या ओसरीवर जाऊन बसायची. धुरपता पुन्हा आतल्या खोलीत गेली होती आणि आता बाईशीही बोलत नव्हती. बाई दाराबाहेरूनच बोलायची, "मी चुकली, माही माय. मी न पाहता सांगतलं. तू मले शिव्या दे, पन बोल." रंभाबाईनं तिला कधी दोष दिला नाही, आणि बाईला तेच सोसत नव्हतं. एकदाच रंभाबाई रडत म्हणाली, "सिनेमाचं काई नाई वो बाई. ते खोटं असते हे तिले समजते. ते मले इचारते, माय, शिट्या मारनारे तं खरे होते नं? आपल्याच गावचे होते नं? मी तिले काय सांगू?"

दोन वर्षं अशी गेली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात धुरपताचं लग्न लावलं. राजनांदगावकडचा बिजवर, पन्नाशीचा, तीन लेकरांचा बाप. त्याला मागचं सगळं सांगितलं होतं आणि तो ते उपकार केल्यासारखं ऐकत होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून द्यायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. रंभाबाई, चंद्रभागाबाई आणि मी.

धुरपता खिडकीशी बसली. बाई खाली उभी होती, खिडकीच्या दांड्याला धरून. टेकचंद कंडक्टर घंटी मारायला दोरीपाशी गेला तेव्हा धुरपता दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली. रागानं नाही, हळूच, एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी तशी.

"मावशी, मले भेव वाटून राहिलं होतं त्या दिवशी. पन तुमी म्हटलं म्हनून मी आली."

घंटी झाली. बाई दांडा सोडीना, म्हणून मी तिचे हात धरून बाजूला केले.